बाबांसाठी घेतलेली जेली

घड्याळं दुरुस्त करण्यात बाबांची उभी हयात गेली. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी आपणहून होईना, तेव्हा दिवसातून काही वेळा स्वतःच नळी घालायची पाळी आली. हात स्थिर होता, पण मन कच खाई. नळी कमी वेळा घालावी लागावी म्हणून पाणी पितो म्हणायचे आणि तांब्या हळूच मोरीत रिकामा करायचे. लेकीला हे कळलं, तोवर अंगात ताप भरला होता.

"जीव नकोसा होतो गं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आत पेटतं नुसतं."

तिने बाथरूमचं कपाट उघडलं. तिथे ओठांना लावायच्या पेट्रोलियम जेलीची डबी होती, बोटांनी उकरून अर्धी झालेली. नळीला लावायच्या जेलीची दवाखान्यातली ट्यूब संपली, नवी मागायची लाज वाटली, म्हणून म्हाताऱ्याने हा उद्योग केला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तापावर औषध लिहून दिलं. लेकीने सोबत नेलेली डबी सिस्टरने पाहिली, पण ती रागावली नाही. तेलकट जेली आत चिकटून राहते, तिने सांगितलं, आणि उघड्या डबीत जंतू जातात. पाण्यात विरघळणारी, निर्जंतुक, एका वेळेपुरत्या पाकिटातली घ्या. उरली तर टाकून द्या.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. लेकीने मन घट्ट करून सगळ्यांदेखत नळीसाठीची जेली मागितली. दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले: एक साधी, दुसरी बधिर करणारी. दुसरीने कळणारही नाही, तो म्हणाला. तिचा हात तिकडे गेलाच होता, तेवढ्यात दाढ काढतानाची गोष्ट आठवली. बधिर करायच्या इंजेक्शनने बाबांचा चेहरा सुजून श्वास अडकला होता. तिने तिथूनच सिस्टरला फोन लावला. डॉक्टरांना विचारून सिस्टरने कळवलं, साधीच घ्या, पण सढळ हाताने लावायला सांगा.

घरी बाबा पाकीट घेऊन आत गेले. ती दाराबाहेर इस्त्री करत राहिली. एकाच सदऱ्याला तिने दोनदा इस्त्री केली.

दार उघडलं. बाबांच्या कपाळावर आठी नव्हती.

"दुखलं का हो?"

"अंहं. सरकन गेली. मीच थबकलो, म्हटलं चुकलं की काय." ते खुर्चीत सैल बसले. "तू पड आता जरा. डोळे बघ कसे झालेत."

इस्त्रीचं बटण बंद करून ती त्यांच्याच पलंगावर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.