सगुणाच्या पाटीतलं मांजर

…आणि ते मांजर पाटीत तोंड घालून बांगडा ओढतंय, इथपर्यंत काल मी आलो होतो आणि जेवणाची हाक आली. गरम भात सोडून गोष्ट सांगणाऱ्यातला मी नव्हे. आता पोट भरलंय, पान जमलंय, तेव्हा तिथूनच पुढे. काल जे नव्हते त्यांनी मात्र गोंधळू नये. ते मांजर चित्रातलं. पाटी खरी. पाटीच्या झाकणावर हात ठेवून, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपलेली बाई तर शंभर टक्के खरी. ती आमची सगुणा. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात माझ्या मिठाच्या गोणीशेजारी बसायची.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. मी तेव्हा तरुण होतो, हे सांगितलं की घरातली पोरं हसतात, हसू देत. सगुणा माझ्याहून थोडी मोठी, जयगडची मुलगी. तिचा नवरा गंगाराम फत्तेमारीवर खलाशी. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढली की घरी यायचा, एरवी समुद्रात. घर, म्हातारी सासू आणि मासळीची पाटी, सगळं हिच्याच डोक्यावर. तिचा एक कायदा होता. मासा ताजा आहे का ते बघायला गिऱ्हाईक कल्ला उचलून आतला लाल रंग बघतं, तुम्हाला ठाऊक आहे. सगुणा म्हणायची, "बघा, दहादा बघा, पण माझ्यासमोर. माझी पाठ वळल्यावर पाटीला हात लावायचा नाय." खुद्द फौजदारीणबाईंचा हात तिने एकदा झाकणावरून बाजूला केला होता. तिच्या पाटीवर माशी बसली तर ती माशीसुद्धा विचारून बसली असेल, असं आम्ही म्हणायचो.

दुपारी बाजार ओसरला की ती तिथेच डुलकी काढायची. झोपेतही हात झाकणावर. आता त्याच वेळी समोरच्या वखारीच्या माडीवरून कोणी बघत असेल हे आम्हाला काय माहीत?

बघत होता भास्कर. आंब्याच्या बागा असलेल्या घरातला मुलगा, मॅट्रिकच्या वर्गात होता. त्यांच्या शाळेत हरिश्चंद्र मास्तर ड्रॉइंग शिकवायचे. माणूस हौशी. त्यांनी पोरांना काम लावलं, गावातली एक जागा धरा, तिथलं रोजचं जगणं प्रत्यक्ष पाहून चितारा आणि खाली दोन ओळी लिहा. ज्याचं सगळ्यांत सरस, त्याची चित्रं मुंबईच्या प्रदर्शनात जाणार. आणि वर एक मंत्र दिला, "आपल्याला कोणी बघतंय हे कळलं की माणूस खोटा वागतो. तेव्हा कळू देऊ नका."

भास्करने मंत्र फारच मनावर घेतला. ती वखार त्याच्या काकांचीच. आंब्याचा हंगाम लांब होता, माडी रिकामी पडलेली. खिडकीच्या झडपांच्या फटीला डोळा लावून हा बहाद्दर रोज दुपारी बसायचा. आम्ही खाली पाय पसरतोय, पाठ खाजवतोय, नाक शिंकरतोय, आणि वर सगळं कागदावर उतरतंय.

संक्रांतीला चित्रं शाळेच्या हॉलमध्ये लागली. बक्षीस गॅदरिंगला मिळायचं होतं, तोवर गावाला बघायला दार उघडं. मीही गेलो. धुतलेला सदरा घालून गेलो, कारण कोणीतरी सांगितलं होतं की चित्रात तूही आहेस. होतो की! माझा एक कान आणि मुंडाशाचं टोक. बाकीचा मी चौकटीबाहेर. जन्मभर मीठ विकलं, आणि इतिहासात गेला तो एक कान.

पण लोक बघत होते ते सगुणाला. मान कलंडलेली, तोंड उघडं, हात पाटीवर. हुबेहूब. आणि पाटीच्या डाव्या अंगाला, झाकण किंचित सरकवून, एक पांढरं मांजर बांगडा ओढतंय. खाली सुरेख अक्षरात लिहिलेलं, 'मिरकरवाड्यातील दुपार. कोणी पाहत आहे हे हिला ठाऊक नाही.' आणि वर भिंतीवर मोठ्या अक्षरांचा फलक, 'प्रत्यक्ष पाहून काढलेली चित्रे.'

झालं! प्रत्यक्ष पाहून काढलेलं, म्हणजे मांजरही प्रत्यक्षच. दुसऱ्याच दिवशी बाजारात येसूबाई, सगुणाच्या पलीकडे बसणारी, जीभ अशी की दातवाला मोरी मासासुद्धा वळून पळेल, तिने सुरुवात केली. "काय गो सगुणा, आज सगळे वाटे तुझे, की एखादा मांजराचाही हाय?" लोक हसले. हसले तिथवर ठीक होतं, पण हसता हसता पुढच्या पाटीकडे सरकले. जी बाई वर्षानुवर्षं डोळे मिटून सगुणाकडून मासळीचा वाटा उचलायची, ती कल्ला न उचलताच म्हणायला लागली, "नको, आज सोमवार." अगो बाय, तो बुधवार होता!

सगुणा माझ्याबरोबर चित्र बघायला आली. पदर खोचून समोर उभी राहिली.

"दादू, झोपेत माजं तोंड एवढं उघडं असतं?"

"असतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग ते बरोबर. हातही बरोबर हाय, बोटातली वाकडी अंगठीसुद्धा काढलान. पोराचा हात चांगला हाय रे." मग तिने मांजराकडे बोट केलं. "पण माजा हात झाकणावर असताना हे झाकण सरकवलंन कोणी? सासूला सांगेन, नवऱ्याला सांगेन, गिऱ्हाइकाला कुठे कुठे सांगत फिरू?"

पैशाअडक्याचं तिला एवढं नव्हतं. तिच्या पाटीला ती असताना कोणाचं तोंड लागलं, हे गावाने मानलं, ते तिला खुपत होतं. तेवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात कमावलेली.

पुढचं मी सगुणाकडूनही ऐकलंय आणि भास्करच्या आईकडून, कमळाबाईंकडूनही. दोघींचं सांगणं जुळतं, आणि दोन बायकांचं सांगणं जुळलं म्हणजे ते खरंच घडलेलं असतं.

कमळाबाई सगुणाचं जुनं गिऱ्हाईक. मासे खाणारं घर. सगुणा पाटी घेऊन त्यांच्या मागल्या दारी जायची. त्या दिवशीही गेली. कमळाबाई पडवीत उभ्या, हात पदराखाली.

"आज नको गो, सगुणा."

"का बाय? पेडवे बघा, डोळे कसे चकचकतायत."

"नाही गो… ते आपलं… भास्करच्या चित्रात ते मांजर…"

एवढ्यात आतून काय यावं? पांढरंशुभ्र मांजर, शेपटीचं टोक काळं, डावा कान फाटलेला. आलं, आणि रोजच्यासारखं सगुणाच्या पायाला अंग घासत म्याऊ करायला लागलं. सगुणाने त्याच्याकडे बघितलं. कमळाबाईंनी बघितलं. फाटका कान भास्करने चित्रात इतक्या निगुतीने काढला होता की ओळख विचारायला नको; पण बाजारातलं मांजर म्हणजे हेच, हे तोवर दोघींच्या मनातही आलं नव्हतं.

"बाय," सगुणा म्हणाली, "ही तुमची मनी ना? मिरकरवाड्यात कधी आली होती? टांग्याने की चालत?"

कमळाबाईंना आधी हसू फुटलं, मग राग आला. "भास्कर! ये इकडे!"

भास्कर आला. मांजर बघितलं, सगुणा बघितली आणि खांबाला टेकला.

"मनी बाजारात होती?" आईने विचारलं.

"नव्हती."

"मग घातलीस का?"

"डावा कोपरा रिकामा दिसत होता. चित्राचा तोल जात होता."

"तोल!" सगुणा म्हणाली. "अरे, कोपरा रिकामा होता तर नारळ ठेवायचास, उपडी टोपली ठेवायचीस. दादूचं अर्धं डोकं बाहेर राहिलंय, ते आत घ्यायचंस! मी खरी दिसावी म्हणून लपून बसलास ना? मग मांजर कसं रे खोटं घातलंस?"

मुलगा वाईट नव्हता हो. त्याचे डोळे भरले. कमळाबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता शाळेत जा आणि ते चित्र फाडून टाक."

"फाडायचं नाय," सगुणा म्हणाली. "फाडलंत तर लोक म्हणतील, मांजर खरंच होतं म्हणून फाडलं. चित्र राहू दे. खाली तुझ्या हाताने लिही, मांजर आमच्या घरचं हाय. आणि उद्या सकाळी, भर बाजारात, फळी-कागद घेऊन माझ्यापुढे बस. खिडकीत नाय, खाली. तू मला बघ, मी तुला बघत्ये."

मंडळी, ती सकाळ मी आजही डोळ्यांपुढे आणतो आणि मला एकट्याला हसू येतं. मी कोरं मुंडासं बांधून आलो होतो. या खेपेस कान दोन आले पाहिजेत! भास्कर आला, सगुणाने एक टोपली उपडी केली आणि म्हणाली, "बस." आंब्याच्या बागायतदाराचा मुलगा मासळीबाजारात टोपलीवर बसलेला, मग काय विचारता? सगळा मिरकरवाडा गोळा झाला.

"अगो बाय, कान बघ कसे लाल झालेत!"

"बाळा, घाम पूस, कागदावर पडेल."

"मान वर कर रे, आम्हालाही बघू दे की! तू नाय बघितलंस आम्हाला?"

ही शेवटची येसूबाई. भास्करने काढलेली रेघ पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. झडपेमागे बसणं सोपं, इथे चारी बाजूंनी डोळे. तो हळूच म्हणाला, "सगुणाबाई, सगळे बघतायत. हात चालत नाही."

सगुणा हसली. "मी इथे पहिल्या दिवशी बसले ना, नवी नवरी, तेव्हा माजंही असंच झालं होतं. जयगडला आयशीबरोबर बसायची ते वेगळं. इथे कोण ओळखीचं नाय, सगळे बघतायत आणि तोंडातून आवाज फुटेना. मासा तसाच पडलेला. मग ह्या दादूची आई, इथेच मीठ घेऊन बसायची, तिने मला कोपर मारलं आणि म्हणाली, गो पोरी, ते बघतायत तर तूही बघ की, आणि ओरड!"

"मग?" भास्करने विचारलं.

"मग मी ओरडले." आणि सगुणाने ते आम्हाला तिथेच ओरडून दाखवलं. कंबरेवर हात ठेवून, मान मागे टाकून, "घ्या गो बांगडे! जिते बांगडे घ्या!" असा आवाज की धक्क्यावरची माणसं वळली. त्या आवाजाला भास्करची मान वर झाली. पेन्सिल अशी धावायला लागली की काय सांगू!

तेवढ्यात गर्दी दुभंगली. कमळाबाई. स्वतः. ज्या बाई कधी बाजारात उतरल्या नव्हत्या, त्या निऱ्या सावरत सरळ सगुणाच्या पाटीपुढे आल्या, खाली बसल्या, बांगड्याचा कल्ला उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लालभडक! दे गो दोन वाटे. आणि ऐका सगळ्यांनी, चित्रातलं मांजर माझं आहे. ते दूधभात खाऊन चुलीपाशी लोळतं. अंगण ओलांडायचा आळस त्याला, ते मिरकरवाड्यात कशाला येतंय?"

हशा असा उसळला की छपरावरचे कावळे उडाले. येसूबाईसुद्धा पोट धरून हसली, आणि, खोटं नाही सांगत, तिच्या पाटीपुढचं गिऱ्हाईक उठून इकडे आलं. ऊन वर यायच्या आत सगुणाची पाटी रिकामी. तळाला फक्त खवलं. माझंही मीठ खपलं, कारण गर्दीला मीठ लागतंच.

गॅदरिंगला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लागली. पहिल्याखाली भास्करच्या हातची नवी ओळ, 'मांजर आमच्या घरचे. पाटीशी त्याचा संबंध नाही.' दुसऱ्यात सगुणा कंबरेवर हात ठेवून ओरडतेय, डोळे थेट बघणाऱ्यावर. तुम्ही इकडे सरका, तिकडे सरका, ती तुमच्याकडेच बघणार. शेजारी मी, मुंडाशासकट, आख्खा!

आम्ही बाजारातली माणसं मागे उभे होतो. सगुणा हिरवं लुगडं नेसून आलेली. पाहुणे कोणी मोठे साहेब होते, त्यांना दुसरं चित्र भारी आवडलं. हरिश्चंद्र मास्तर मात्र अडले. माणूस सरळ, पण त्यांचा मंत्र मोडला होता ना. म्हणाले, "साहेब, हात उत्तम आहे. पण हे चित्र समोर बसवून काढलेलं. बाईंना माहीत होतं की आपल्याला कोणी पाहतंय. याला रोजचं जगणं कसं म्हणायचं? खरं चित्र पहिलंच."

साहेब हसले. "मग चित्रातल्या बाईंनाच विचारू. त्या आल्यात ना?"

आम्ही सगुणाला पुढे ढकललं. ढकलायला लागली नाही खरं तर. पदर सारखा करून ती सगळ्या हॉलमधून चालत गेली आणि दोन्ही चित्रांच्या मध्ये उभी राहिली. भास्कर भिंतीशी उभा.

"बाई," साहेबांनी विचारलं, "यातलं खरं चित्र कोणतं? कोणतं मुंबईला पाठवू?"

सगुणाने आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. मग मास्तरांकडे. आणि ती काय बोलली ते मी शब्दाला शब्द सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही:

"मास्तर, झोपलेली मी पण खरीच, तोंड उघडं असतं माजं. पण तेव्हा हा एकटाच बघत होता, म्हणून मध्ये मांजर शिरलं. ह्या खेपेस आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, मांजराला जागाच नव्हती. हेच पाठवा मुंबईला!"