पेणच्या कारखान्यातली पिवळ्या हातमोज्यांची बाई

कंटाळा आला होता, निघायला एवढंच कारण. मी पुण्यात घरसजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात आहे. आमचा माल बनवणाऱ्या कारखान्यांत कामगारांना नीट वागवतात का, याचे फोटो आणि फॉर्म खुर्चीत बसून तपासते. नणंद रोह्याजवळ वरसे गावात राहते, कधीची बोलावत होती. वाटेत पेणला मुक्काम करू, गणपतीचे कारखाने बघू, असं ठरवून मार्चमधल्या एका शनिवारी निघाले.

स्वारगेटहून पेणची एसटी घ्यावी. बायकांना अर्धं तिकीट. पेणमध्ये रामवाडीला साधी, स्वच्छ खोली मिळाली. दुपारी वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी खाल्ली, पोह्याचे पापड बांधून घेतले. कारखाने बघायचे तर याच दिवसांत या. परदेशी जाणारे गणपती आत्ताच रंगत असतात, श्रावणातली गर्दी नसते, आणि बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही.

चौथ्या कारखान्यात गणपती नव्हतेच. बुद्धाची नुसती डोकी होती, रांगेने, जमिनीवर. एक बाई पाटावर बसून पॉलिश पेपरने त्यांचे गाल घासत होती. नाकाला पदर बांधलेला, पापण्यांवर पांढरी भुकटी. तिला मी इथे नंदा म्हणते. खरं नाव वेगळं आहे. मी विचारलं, बाकीची मूर्ती कुठे आहे?

"धड नको असतं त्यांना," ती म्हणाली. "बागेत नुसतं मुंडकं ठेवतात म्हणं."

सुरुवातीला ती प्रत्येक डोक्याला हात जोडून मगच कामाला लागायची. आता दिवसाचा आकडा भरायचा असतो, तेवढा वेळ नसतो.

ती डोकी मी ओळखली. आमच्या कॅटलॉगमधली होती. आमच्या फॉर्मवर कारखान्याचं नाव नसतं, कोड असतो; त्यामुळे ती कुठे बनतात हे मला कधी कळलंच नव्हतं. मी बाहेर पडले.

रविवारी सकाळी रोह्याच्या एसटीत चढले तर खिडकीशी नंदा. आईकडे चालली होती. तिने सरकून जागा दिली आणि बोलू लागली. सासरची खाडीकाठी मिठागरं होती. बाहेरचं मीठ स्वस्तात यायला लागलं, बांधही फुटला, तो पुन्हा कुणी घातला नाही. मग ती कारखान्यात आली. मी विचारलं, मास्क, हातमोजे देत नाहीत?

देतात, म्हणाली, तपासणीच्या दिवशी. सकाळी खोक्यातून निघतात, संध्याकाळी खोक्यात जातात.

"मग तेवढा दिवस तरी तुम्हाला मिळतात."

"आम्ही नसतो ना. त्या दिवशी घरी बसवतात. पगार नाय."

मी मोबाइल उघडला. त्यात त्या डोक्यांच्या कोडखाली आलेला, पिवळे हातमोजे घालून पाटावर बसलेल्या, हसणाऱ्या एका कामगार बाईचा फोटो होता. तो मीच निवडून आमच्या वार्षिक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टाकला होता. नंदाने तो जवळ घेऊन बराच वेळ पाहिला.

"ही शेठची भाची. पनवेलला बँकेत हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पाट माझाच हाय."

असे किती फोटो मी मंजूर केले असतील? मी काय काम करते ते तिला सांगून टाकलं. तिने मोबाइल मला परत दिला. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "लिवू नका, ताई. मागं कुणी तरी खरं लिवलं. ऑर्डर गेली. चार महिने आम्ही सगळ्या घरी."

रोह्याला उतरताना तिने माझा नंबर घेतला. संध्याकाळी नणंदेने कुंडलिकेच्या काठी नेलं. नदी कशी आहे म्हणून विचाराल, तर मला आठवत नाही.

सोमवारी साहेबांना विचारलं, कारखान्याचं नाव न घेता: फोटो खोटे निघाले, बायकांना बिनपगारी घरी बसवलं, तर? ते शांतपणे म्हणाले, ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल, तिथून फोटो चांगले येतात. कामगारांची मजुरी आपण नाही ठरवत. पुस्तिका तर छापून झाली आहे.

त्या कोडचा नवा फॉर्म माझ्या टेबलावर आला तेव्हा मी सही केली नाही. कारणही लिहिलं नाही. फॉर्म शेजारच्या टेबलावर गेला आणि जेवणाच्या सुट्टीआधी मंजूर झाला.

ज्यांनी पेणला जायचं ठरवलंय, त्यांनी जरूर जा. पापड घ्या, मूर्ती बघा. आणि घासायला बसलेल्या बाईशी दोन शब्द बोला, तपासणीचा दिवस सोडून.

काल नंदाचा फोन आला. गुरुवारी तपासणी आहे, म्हणजे तिला सुट्टी. "त्या दिवशी मी आईकडं हाय. या, भाकऱ्या करते."

मी रजा टाकली आहे. त्या फॉर्मबद्दल तिला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.