एका मोटारीत मावेल एवढा पक्ष

गेल्या हिवाळ्यात सासरे आमच्याकडे अमिरातीतल्या अल ऐनला राहायला आले. तरुणपणी ते समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते होते. भिंती रंगवण्यापासून सभेच्या सतरंज्या उचलण्यापर्यंत सगळं केलेलं. इथे मात्र त्यांना बोलायला माणूस नव्हता. मी शिकवते त्या शाळेत किर्गिझस्तानची एक शिक्षिका आहे, माझी मैत्रीण. तिचे वडीलही तेव्हा आले होते आणि घरात बसून कंटाळले होते. एका शनिवारी आम्ही दोघांनाही खजुराच्या बागेत फिरायला नेलं.

तिचे वडील रशियन बोलायचे, ती मला इंग्लिशमध्ये सांगायची, मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, मराठीत. आधी हवा झाली, मग गुडघे. मग कळलं की ते गुरांचे डॉक्टर होते आणि तिकडच्या एका छोट्या समाजवादी पक्षात होते.

बाबा चालता चालता थांबलेच. "विचार गं, निवडून कोण आलं?"

"कोणीच नाही," उत्तर आलं. "एका मोटारीत मावेल एवढा पक्ष. तरी फुटला."

बाबांना हसू आवरेना. "आमचाही फुटला म्हणावं! कितीदा, ते विचारू नका."

पण तिचे वडील हसले नाहीत. मोठ्या पक्षाशी युती करायची की नाही, यावरून भांडण झालं होतं. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे गेला, हे इकडे राहिले. तेव्हापासून दोघांचं बोलणं खलास.

बाबा त्यांच्याशेजारी बाकावर बसले. "आम्ही सभेत एकमेकांची सालटी काढायचो आणि सकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचो. फोन करा भावाला."

माझ्या मैत्रिणीने हे वडिलांना सांगितलं की नाही, याची मला शंका होती, कारण ती बराच वेळ खाली बघत होती. पण सांगितलं असावं. पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये ती म्हणाली, "पापांनी काकांना फोन केला."

"मग?"

"तासभर भांडले. त्याच युतीवरून! आता रोज भांडतात."

वसंतात तिचे वडील परत गेले, तेव्हा तिकडच्या विमानतळावर न्यायला भाऊ आला होता. मी बाबांना फोनवर कळवलं. ते तोवर गावी परतले होते.

"बरं झालं," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण युतीचं काय ठरलं?"