पिवळं पाणी, पांढरं पाणी

बावीस वर्षं पाण्याच्या टाकीवर क्लोरीन सोडणाऱ्या बाईला सगळी इमारत क्लोरीनमावशी म्हणायची. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी ती रोज नळीत घ्यायची, तपासणीचे थेंब टाकायची आणि पिवळं झालं की मगच चहाला तोंड लावायची. शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन पोचलं, म्हणजे मधल्या घरांची काळजी नाही.

त्या रविवारी जिन्यात ही गर्दी! मध्ये टायवाला फिल्टर-विक्रेता, आणि त्याला बसायला स्टूल दिलेलं कोणी? मावशीच्याच धाकट्या जावेनं.

“बघा हं मॅडम, बघाऽ हं!” मधात बुडवलेला आवाज. नळाच्या पाण्यात थेंब टाकले. पाणी पिवळं. “क्लोरीन! विष!” दुसऱ्या ग्लासात दुसरे थेंब. पाणी दुधाळ. “क्लोराइड! डब्बल विष!” फिल्टरच्या पाण्यात दोन्ही टाकले, काही नाही. “शुद्ध!”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अरे गळपट्ट्या, पिवळं म्हणजे राखणदार जागा आहे! जंतू मारून वर थोडं उरलंय.”

“ताई, तुमचं पोट त्याच्यावर चालतं, तुम्ही असंच बोलणार,” जाऊ म्हणाली. “बाळाच्या दुधाला वास येतो.”

“पाणी उकळून घे, वास जाईल. हगवण लागली की काय उकळशील?” मावशी विक्रेत्याकडे वळली. “घाम फुटला ना? पूस. पीळ तो रुमाल तुझ्या शुद्ध पाण्यात. टाक आता ते दुसरे थेंब.”

पाणी दुधासारखं झालं.

“अगंबाई, हे तर चालतंबोलतं विष!” कुणीतरी खिदळलं.

“मीठ आहे ते, मीठ! फार झालं तर पाणी खारट लागतं. जीव नाही जात कुणाचा.”

विक्रेत्यानं बॅग आवरली. पण जाऊ पुटपुटली, “क्लोरीन कमी करा म्हणून साहेबांना अर्ज सकाळीच पाठवला. एकतीस सह्या.”

तेवढ्यात मावशीला पाणीखात्याच्या साहेबांचा फोन. “लोकभावना आहे हो. डोस निम्मा करा.”

“लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी.”

“अहो, एवढ्याशा गोष्टीला लेखी?”

“एवढीशीच आहे तर सही करायला हात का कापतोय?”

फोन कट.

“आज टाकीवर माझ्या जागी बदलीवाला आहे, तोंडी सांगून त्याच्याकडून करून घेतील मेले!” मावशीनं पायात चपला सरकवल्या. जाऊ मागून म्हणाली, “ताई, सुट्टी आहे ना आज?”

“ती तू घालवलीस!”

टाकीवर जाऊन तिनं बदलीवाल्याला खुर्चीवरून उठवलं, डोस होता तेवढाच ठेवला आणि क्लोरीनच्या कॉकसमोर ठाण मांडून बसली.