डाव्या चेनीची पिन

दुपारच्या वेळी डोझरच्या पात्याची सावली जेमतेम एका माणसापुरती पडते, आणि ती ठकूची असते. दिराला हे पटत नाही, पण त्याला विचारतो कोण? ताक-भाकरी पोटात गेली आहे, पाठीला पात्याचं गार लोखंड लागलं आहे. ठकू डोळे मिटते, पण मिटल्या डोळ्यांपुढेही तिला डोझर जिच्यावर चालतो ती डावी चेनच दिसते.

सकाळपासून चेन तीनदा उतरली. चढवायची, ग्रीस भरून पुढचं चाक रेटायचं, चेन ताणून घ्यायची आणि दहा-वीस हात माती लोटली की पुन्हा ती चाकावरून घसरून मातीत लोळायची. आता चाक जायचं तेवढं पुढे गेलं आहे. चेन झिजून लांबली आहे, तिला ग्रीस तरी काय करणार?

हा रस्ता पठारावरच्या धनगरवाड्यातून खाली गावात न्यायचा आहे. ठकूच्या नवऱ्यानं, भागोजीनं, तो काढायला घेतला होता. खाण बंद पडल्यावर मालकानं टाकून दिलेला हा डोझर त्यानं मागून आणला, आणि सगळा वाडा त्याला 'पिवळी म्हस' म्हणू लागला. भागोजी चालवायचा, ठकू हाताखाली असायची. गेल्या वर्षीच्या चैतात त्याच्या छातीत कळ आली. चार माणसांनी झोळीत घालून पळत उतरवायला घेतलं, आणि उतार संपायच्या आधीच तो गेला. तेव्हापासून म्हस ठकू हाकते. आता शेवटचं एक वळण उरलं आहे. मिरग बरसला की इथली तांबडी माती लोणी होते, मग मशीन उभंसुद्धा राहत नाही. म्हणजे आणखी एक वर्ष झोळी. आणि त्या झोळीत आता कुणाचा नंबर, ते देवालाच ठाऊक.

उपाय काय, हे शेंबडं पोरही सांगेल. चेनीतली एक कडी कमी करायची. पण त्यासाठी आधी जोडाची पिन काढावी लागते, आणि ती पिन भागोजीनं स्वतः ठोकलेली. वर कुंकू लावून तो म्हणाला होता, "हिला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय." नवऱ्याचा शब्द, त्यात गेलेल्या माणसाचा. ठकूनं तो पदराच्या गाठीला बांधून ठेवला आहे. मघाशी दीर बमू म्हणाला, "वैनी, द्या सोडून. म्हस थकली." ठकूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाकरी घेऊन पार करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसला.

पात्यापलीकडे कुणीतरी खाकरतं.

"जागी हायस का?"

"न्हाय," ठकू म्हणते. "झोपलीया. म्हणून तर तुमी दिसताय."

भागोजी हसतो. त्याच्या अंगावर तोच बाहीला डिझेलचा डाग पडलेला सदरा आहे. ठकूनं तो धुऊन धुऊन विरवला होता, डाग काही गेला नव्हता. ती त्याला बसायला जागा करून देते आणि सरकता सरकता तिचा हात वैरणीला लागतो. दोघं गोठ्यात आहेत. म्हशी ओळीनं उभ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये डोझर दाव्याला बांधलेला आहे, सावकाश रवंथ करतो आहे. ठकूला त्याचं काही नवल वाटत नाही. सकाळी याला पाणी दाखवायचं राहिलं, एवढंच तिच्या मनात येतं.

भागोजी डोझरच्या गळ्यातलं दावं बोटांनी चाचपतो.

"दावं झिजलं की काय करतीस?"

"झिजलेलं तोडती, गाठ मारती."

"मग हिचं काय येगळं हाय?"

"तुमीच म्हणालासा, हात लावायचा न्हाय."

"आगं, ते बम्याला म्हणलं हुतं. त्यानं एकदा पिन वाकडी ठोकली हुती, ध्यानात हाय का? तुला कवा म्हणलं?"

ठकूला असा राग येतो की तिचे डोळे भरून येतात. "आन् हे आता सांगताय? मी वरीसभर ती पिन देवावानी जपली. तुमची एवढीच खूण उरली म्हणून जपली."

"खूण जपलीस," तो हळू म्हणतो, "आन् वळण ऱ्हायलं."

खांदा दुखतो म्हणून ठकू खाली बघते, तर पायाखाली उतार आहे आणि खांद्यावर झोळीचा बांबू. मागच्या माणसांना तोंडं नाहीत, नुसते धापा टाकण्याचे आवाज आहेत. भागोजी हात मागे बांधून बाजूनं चालतो, बाजाराला निघाल्यासारखा. झोळीत लोखंडी चेन वेटोळं करून पडली आहे.

"लई जड हाय वो."

"मी न्हाय त्यात. खाली ठेव."

ती ठेवत नाही. जे वर्षभर विचारायचं होतं ते विचारते. "लई दुखलं का?"

"वळणापतोर."

"कंच्या वळणापतोर?"

"जे ऱ्हायलंय त्या. फुडं काय दुखलं न्हाय."

ठकू थांबते. झोळीचा बांबू खांद्यावरून उतरवते.

"तेवढं काढ, ठके."

"काढणारच हाय," ती म्हणते. "तुमी सांगायच्या आदीपास्नं काढणार हाय."

चेन जमिनीवर पसरली आहे. भागोजी उकिडवा बसून पिनेवर डिझेल सोडतो, मग पिन ठोकून बाहेर काढायचा लोखंडी सुंबा तिच्यावर टेकवून धरतो. ठकू गोंधळते. बारा वर्षं सुंबा ती धरायची आणि घण तो मारायचा. आज घण तिच्या पायाशी आहे.

"मी मारू?"

"मग कोण?"

"चुकून तुमच्या हातावर बसला तर?"

"मार. माझ्या हाताला आता काय व्हायचं न्हाय."

ती घण उचलते. भागोजी मान वर करून तिच्याकडे बघतो, पोरगी पहिल्यांदा धार काढायला बसली की बाप बघतो तसा. ती सगळं अंग घालून घण मारते.

पात्याची सावली सरकली आहे. ठकूच्या तोंडावर ऊन आलं आहे. ती उठते, डोक्यावरचा पदर सावरते आणि सरळ डाव्या चेनीपाशी जाते.

पिनेवरच्या कुंकवाचा जुना थर तडकला आहे. पिन दोन बोटं बाहेर आली आहे, आणि तिच्या कडेनं डिझेलचा ओला ओघळ आहे.

बमू तांब्या घेऊन मागे येऊन उभा राहतो. वाकून पिनेकडे बघतो.

"उन्हानं सरकली आसंल, वैनी. लोखंडच हाय."

"आसंल," ठकू म्हणते. "सुंबा धर."

"आन् घण कोण मारणार?"

"मी."

बमू आपल्या बोटांकडे बघतो. "वैनी, हाताला काय झालं तर—"

"तुझा हात जिता हाय, भावजी. बघूनच मारीन."

बमू डोळे गच्च मिटून सुंबा धरतो. ठकू पदर कमरेला खोचते आणि घण उचलते.