राजाबाईची नवी डिस्क

राजाबाई, तुझ्याबद्दल लिहायचं तर तुलाच लिहिते. मधे बोलू नकोस.

वीस वर्षं मेंढरांमागं हिंडलीस, चाळिशीत माझ्याकडं गणित शिकून बाहेरून दहावी दिलीस आणि मंद्रूपला लोकांचे फॉर्म भरून द्यायचं दुकान काढलंस. पण लॅपटॉप! बटण दाबावं, चहा करावा, प्यावा, कप विसळावा, तरी पडद्यावर गोल फिरतंयच. शेवटी मीच ओरडले, "एसएसडी, ती वेगवान डिस्क, घेऊन ये, मी बसवते." फिजिक्स काय फळ्यावरच शिकवलं मी?

आलीस, तीही तुझ्या गावच्या म्हाताऱ्या चंद्रव्वाच्या निराधार पेन्शनचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी. पाचला मुदत संपणार.

चार स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर, नवी आत. विंडोज टाकलं. जुनी डिस्क केबलनं जोडून तुझं 'गाववाले' फोल्डर उतरवून घेतलं. बंद करून परत चालू केला. बारा सेकंद! मी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "अगं बया! कुत्र्यागत पळतंय की!"

"चल, आता जुनी पुसून टाकते. लोकांची आधार कार्डं आहेत तिच्यात."

"थांबा की, बाई. समदी आल्यात का बघू द्या."

"तिकडं दोनशे बारा, इकडं दोनशे बारा. जुळलं!"

"आकड्याचं काय सांगताय? आमी मेंढरं मोजत न्हाय, वळखतो."

साडेतीन वाजले होते आणि तू एकेक फाइल उघडून तोंडं बघत बसलीस. शिवप्पा हाय. शहाजी हाय. मी चिडून खोलीत फेऱ्या मारत होते. मग तू थांबलीस.

"चंद्रव्वा कुटं हाय?"

नव्हतीच. रोज लागते म्हणून तू तिची फाइल फोल्डरबाहेर, डेस्कटॉपवर ठेवली होतीस आणि घाईत मी डेस्कटॉप घेतलाच नव्हता. जुनी डिस्क पुसली असती तर म्हातारीचे दाखले पुन्हा तहसीलमधून आणायचे! फाइल तिच्यावर सापडली. चार वीसला फॉर्म गेला, पावती आली. तू उडालीस, मी गुडघे विसरून उडाले.

"लई शिकवलं बाई मला तुमी."

"गप. आज कोण शिकलं ते दिसलं."

निघताना बजावलंस, "जुनी पुसू नगा. तिला आत बसवून केबल लावायची एक डबी आना. अजून कोण ऱ्हायलं असंल तर मी बघीन."

डबी सात रस्ता चौकात मिळते, घरापासून दहा मिनिटं. उद्या आणते म्हणाले. तीन महिने झाले, डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात आहे. डबी आणलेली नाही.