तळघरात वाजणारा फोन

बाइंडरकाकांचं दुकान तळघरात होतं. चष्मेवाल्याच्या दुकानाशेजारून अरुंद जिना उतरला की खाली पुठ्ठ्यांचे ढीग, खळीचं पातेलं, वजनाखाली दाबून ठेवलेली पुस्तकं आणि त्यांच्यात कुठेतरी काका. तिथे मोबाइलला रेंज म्हणून नव्हती. गिऱ्हाइकं कुरकुरायची, काका मात्र त्यावर खूश होते.

काका तसे वाईट नव्हते हो. पानं सुटलेलं पुस्तक हातात आलं की आजाऱ्याची करावी तशी त्याची सेवा करायचे. पण थोरल्या बहिणीचा फोन आला की ते टाळायला बघायचे.

कारण होतं. ताईची भाड्याची खोली असलेली जुनी इमारत पाडायची ठरली होती. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन खोल्यांत एकटा जीव सदाशिव. उभ्या उभ्या जेवायचं, खळीचा ब्रश उशाशी पडला तरी बोलणारं कोणी नाही. आता ताई आपल्याकडे राहायला येणार, हे काकांनी स्वतःच ठरवून टाकलं. लहानपणी तिनं कान धरून आंघोळीला नेलेलं ते विसरले नव्हते. ‘मला तुला एक विचारायचंय,’ असं ताईनं म्हटलं की काका ‘आवाज येत नाही गं’ म्हणत जिना उतरू लागायचे. अर्ध्या जिन्यात फोन आपोआप तुटायचा. खोटं बोलल्याचं पापही नको.

एक दिवस चष्मेवाल्याला परोपकाराची उबळ आली. त्यानं आपलं वायफाय तळघरापर्यंत पोचवलं आणि काकांच्या फोनमध्ये काहीतरी चालू करून दिलं.

“आता रेंज नसली तरी फोन येईल.”

“कसा?”

“वायफायवरून.”

“मग माझा नंबर?”

“नंबर तोच.”

“आणि रेंज?”

“ती खाली लागतच नाही.”

काकांनी मान डोलावली. डोक्यात काडीचं शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेंजची एकही काडी नसताना तळघरात फोन वाजला. काका दचकले. हात खळीनं बरबटलेले, म्हणून कोपरानं कसाबसा उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“लागला बाई एकदाचा,” ताई म्हणाली. “धाकट्या, मला तुला एक विचारायचंय.”

काकांनी जिन्याकडे पाहिलं. पळायचं कुठे? मग त्यांनी आपल्या परीनं डोकं चालवलं. वर रेंज, खाली वायफाय. आधी फोन वर यायचा, तो खाली गेल्यावर तुटायचा. आता खाली आलाय, म्हणजे वर गेल्यावर तुटणार. आहे काय त्यात! “ताई, आवाज तुटतोय गं,” म्हणत ते जिना चढले. ताई “हॅलो, हॅलो” करून गप्प झाली. काम फत्ते झालं असं समजून काकांनी फोन न बघताच खिशात टाकला.

चष्मेवाला दारातच काच पुसत उभा होता.

“कोणाचा फोन?”

“ताईचा. राहायला येते म्हणणार. ती आली तर माझं जगणं मुश्कील होईल. वायफाय सोडून वर आलो, सुटलो.”

“सुटलात कसले? वायफाय गेलं की फोन आपसूक रेंजवर येतो. मध्ये तुटत नाही.”

“पण मी तर वर आलो,” काका म्हणाले.

“धाकट्या,” खिशातून आवाज आला.

काकांनी घाईघाईनं फोन बाहेर काढला.

“ताई, मी तसं नाही...”

“ऐकलं मी. मुलानं मोठं घर घेतलंय, मी तिकडेच निघालेय. एक खोली रिकामी आहे. तू एकटा कशाला राहतोस, तुलाही घेऊन यावं, असं सूनबाईच म्हणाली. येतोस का, एवढंच विचारायचं होतं. किती दिवस तेच विचारतेय.”

 ज्या घरात कोणी येऊ नये म्हणून काका इतके जिने उतरले, त्या घरातून उलट त्यांनाच कोणीतरी आपल्याकडे बोलवत होतं. त्यांना रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

“मग आता गं?”

“आता काय. सुखात राहा.”

फोन बंद झाला. काकांनी रेंज बघितली. पूर्ण होती. त्यांनी उलट फोन लावला, ताईनं उचलला नाही. ते धावत तळघरात गेले, तिथून लावला, पुन्हा धापा टाकत वर आले. फोनवर सगळीकडे खळीची बोटं उमटली होती.

“हे बघ,” ते चष्मेवाल्याला म्हणाले, “खालून, वायफायवरून पुन्हा लावला तर उचलेल का ती?”

चष्मेवाल्यानं हातातला चष्मा खाली ठेवला.

“तिकडे दोन्ही सारखेच वाजतात, काका.”